नदीच्या पाण्यांतील धातु व माशांच्या पोटांतील जंत

शेतास पाणी देतांना शेतकरी पाण्याची परीक्षा आपल्या परीनें करीतच असतो. पाणी गढूळ आहे कीं निवळ, खारें आहे कीं गोडें, वाळल्यावर जमिनीवर पांढरा थर सोडतें कीं काय, इतकें तो पाहतो आणि त्यावरून तें कोणत्या पिकास द्यावें हें ठरवितो. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाची असून पुष्कळ अंशीं खरीहि ठरते. परंतु अलीकडे नद्यांच्या पाण्यांत अशा कांहीं वस्तु येऊं लागल्या आहेत कीं, ज्यांना रंग नाहीं, वास नाहीं व चवहि नाहीं. शिसें, कॅडमियम, निकेल, क्रोमियम हे धातु त्यांपैकीं होत. हे पाण्यांत अल्प प्रमाणांत असतां पाणी अगदीं निर्मळ दिसतें. आणि तेंच पाणी वर्षानुवर्षें शेतांत खेळत राहिल्यास जमीन हळूहळू बिघडत जाते. बिघाड ध्यानांत येईपर्यंत उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

या अदृश्य धातूंची खबर लवकर मिळविण्याचा एक मार्ग शास्त्रज्ञांनीं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दाखवून दिला आहे, व तो प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटण्याजोगा आहे. नदींतील माशांच्या आंतड्यांत जे जंत असतात, त्यांपैकीं कांहीं जाती पाण्यांतील धातु आपल्या अंगांत सांठवितात. इतके कीं, जो धातु पाण्यांत यंत्रासहि मोठ्या कष्टानें सांपडावा, तो या जंतांच्या अंगांत सहज सांपडतो. या पद्धतीची माहिती देऊन मुळशी तालुक्यांतील भुकूमसारख्या, नदीच्या उगमाशीं वसलेल्या गांवास तिचा काय उपयोग आहे, तें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

भुकूम आणि रामनदी

पुण्याहून पौडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूगांव ओलांडलें कीं भुकूम लागतें. याच बाजूस खाटपेवाडीच्या तलावापाशीं रामनदीचा उगम आहे. तेथें ती पावसाळी ओढ्याहून फारशी मोठी नाहीं. पुढें भूगांवचा मानस तलाव, बावधन, पाषाणचा तलाव, बाणेर असा प्रवास करीत ती औंधाच्या बाजूस मुळा नदीस मिळते. सारा प्रवास सुमारें १९ किलोमीटरांचा. परंतु या पाण्याची गोष्ट तेथें संपत नाहीं. मुळा पुण्यांत संगमावर मुठेस मिळते. मुळामुठा पुढें रांजणगांव सांडसाजवळ भीमेंत जाते. आणि भीमेचें पाणी उजनीच्या धरणांत सांठतें. म्हणजे भुकूमच्या बांधावरून वाहून गेलेल्या पाण्याचा संबंध अखेरीस दौंड-इंदापुराकडील उंसाशीं पोंचतो. उगमाकडच्या शेतकऱ्यानें आपल्या नदीकडे लक्ष देणें हें म्हणूनच केवळ त्याच्या घरचें काम नव्हे.

या भागांतील मुख्य पीक भात. मुळशीचा आंबेमोहोर पूर्वीपासून नांवाजलेला आहे, व अलीकडे इंद्रायणी भातानेंहि या मातींत चांगला जम बसविला आहे. भाताचें खाचर म्हणजे पाणी अडवून धरणारें शेत. पाण्याबरोबर गाळ येतो, गाळाबरोबर त्यास चिकटलेली प्रत्येक वस्तु येते, आणि ती खाचरांत बसते. त्याच गांवाभोंवतीं आतां शहर वाढत आहे. वसाहती, दुकानें, मोटारींच्या दुरुस्तीचीं ठिकाणें व लहान कारखाने रस्त्याच्या दोन्ही अंगांस उभे राहत आहेत. पिरंगुटाच्या बाजूस कारखान्यांची वस्ती पूर्वीच झाली आहे. यांपैकीं अमक्यानें नदी बिघडविली असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. मुद्दा एवढाच कीं, जेथें शेती आणि कारखानदारी एकाच ओढ्याच्या कांठीं येतात, तेथें पाण्यावर डोळा ठेवणें ही शेतकऱ्याची नित्याची गरज होऊन बसते.

धातु जमिनींत गेला म्हणजे काय होतें?

शेणखत सडतें, पालापाचोळा कुजतो, सांडपाण्यांतील घाणहि कालांतरानें जंतूंच्या योगें विघटित होते. धातु मात्र कुजत नाहीं. तो मातीच्या कणांस चिकटून राहतो व दर वर्षीं त्यांत भर पडत जाते. सगळेच धातु वाईट असें नव्हे. जस्त कमी पडलें तर भात पिवळा-तांबूस पडून खुंटतो, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे; तांबेंहि पिकास थोडें लागतें. पण शिसें व कॅडमियम यांचा पिकास अथवा माणसास कसलाहि उपयोग नाहीं, आणि अपाय मात्र पुष्कळ आहे.

जागतिक अन्न व शेती संघटनेनें ओलिताच्या पाण्यासाठीं ज्या मर्यादा सुचविल्या आहेत, त्यांत कॅडमियम दर लिटरास ०.०१ मिलिग्रॅम, क्रोमियम ०.१, तांबें व निकेल प्रत्येकीं ०.२, आणि जस्त २ मिलिग्रॅम असे आंकडे आहेत. पिण्याच्या पाण्यासाठीं भारतीय मानक याहून कडक आहे. तेथें शिशाची मर्यादा ०.०१ व कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे. हे आंकडे क्षुल्लक वाटतील. म्हणून थोडा हिशेब करून पाहूं. एका हेक्टरास वर्षांत १०,००० घनमीटर पाणी दिलें, व त्यांत कॅडमियम अगदीं मर्यादेइतकेंच, म्हणजे लिटरास ०.०१ मिलिग्रॅम असलें, तर वर्षाकांठीं १०० ग्रॅम कॅडमियम त्या शेतांत उतरेल. वरच्या वीतभर थरांतील मातीचें वजन हेक्टरी सुमारें २० लाख किलो धरल्यास दर किलो मातींत ०.०५ मिलिग्रॅम भर पडली. वीस वर्षांत हीच भर १ मिलिग्रॅम होते. निर्दोष जमिनींत सामान्यतः कॅडमियम अर्ध्या मिलिग्रॅमच्या आंतच असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या भरेचा अर्थ कळेल.

याचा परिणाम किती दूरवर जातो, हें जपानांत दिसून आलें. तोयामा प्रांतांतील जिंझू नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें खाणी होत्या. खाणींतील कॅडमियम नदींत उतरलें, नदीचें पाणी भातखाचरांत गेलें, व तो भात खाणाऱ्या लोकांचीं, विशेषतः वयस्क बायकांचीं, हाडें ठिसूळ होऊन मोडूं लागलीं. वेदनांनीं ते लोक ‘इताइ, इताइ’ म्हणजे ‘दुखतें, दुखतें’ असें कण्हत, म्हणून रोगासहि तेंच नांव पडलें. १९६८ सालीं तेथील सरकारनें हा प्रदूषणाचा रोग असल्याचें मान्य केलें. बिघडलेल्या खाचरांची माती बदलण्याचें काम त्यानंतर तीस वर्षांहून अधिक चाललें व २०१२ सालीं पुरें झालें. आमच्याकडे तशी स्थिति आहे असें कोणी समजूं नये. परंतु भात हें पीक, नदी हा मार्ग व अज्ञान हें कारण, या तिन्ही गोष्टी जेथें एकत्र येऊं शकतात, तेथें हें उदाहरण विसरून चालणार नाहीं.

बाटलींतील पाणी पुरें कां पडत नाहीं?

महाराष्ट्रांत प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, व १९७४ च्या जलप्रदूषणाच्या कायद्यान्वयें नद्यांचे नमुने ठरलेल्या ठिकाणीं घेतले जातात. तें काम अवश्यच आहे. पण धातूंच्या बाबतींत बाटलींतील पाण्यास तीन अडचणी येतात.

पहिली अडचण वेळेची. मुलामा देण्याच्या कारखान्यांतील पाणी कोणी रात्रीं सोडलें, तर सकाळीं भरलेल्या बाटलींत त्याची खूण मिळत नाहीं. बाटली एका क्षणाची साक्ष देते. मागच्या महिन्याविषयीं ती मुकी असते. दुसरी अडचण गाळाची. धातु पाण्यांत फार वेळ तरंगत राहत नाहींत. गाळाच्या कणांस चिकटून तळाशीं बसतात व पुराच्या वेळीं पुनः उठतात. तिसरी अडचण मापाची. लिटरांत मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा मोजणें म्हणजे यंत्र, रसायनें व भांडीं हीं सर्व अत्यंत शुद्ध पाहिजेत. भांड्याचाच धातु नमुन्यांत उतरला तर सारा हिशेब चुकतो.

म्हणून असा कोणी साक्षीदार पाहिजे कीं, जो रात्रंदिवस पाण्यांत राहतो, जें येईल तें थोडें थोडें सांठवितो, व विचारलें असतां कित्येक आठवड्यांचा जमाखर्च एकदम पुढें ठेवतो. शिंपल्यांचा असा उपयोग समुद्रकिनाऱ्यांवर पूर्वीच सुरू झाला होता. माशांतील जंत हा त्याच जातीचा, पण अधिक तीक्ष्ण साक्षीदार आहे.

कंटकशीर्ष कृमि

मासा चिरतांना आंतड्यांत पांढरे, पिवळसर किंवा नारिंगी जंत आढळतात, हें मासे खाणाऱ्या प्रत्येक घरीं माहीत आहे. त्यांचे मुख्य प्रकार तीन: फितीसारखे चपटे पट्टकृमि, दोऱ्यासारखे गोल कृमि, आणि ज्यांच्या डोक्यास आंकड्यांची सोंड असते ते कंटकशीर्ष कृमि. धातूंच्या कामीं हा तिसरा प्रकार विशेष उपयोगाचा ठरला आहे. कांहीं मिलिमीटरांपासून कांहीं सेंटिमीटरांपर्यंत लांबीचा हा जंत कांटेरी सोंड आंतड्याच्या भिंतींत रोवून राहतो. त्यास तोंड नाहीं व आंतडेंहि नाहीं. माशानें पचविलेलें अन्न तो आपल्या सर्वांगाच्या कातडीनें शोषून घेतो. त्याच्या या रचनेंतच पुढील सर्व गोष्टीची किल्ली आहे.

हे जंत आमच्या प्रांतास नवे नाहींत. मरळ माशाच्या आंतड्यांतील एका कंटकशीर्ष कृमीस शास्त्रांत ‘पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस’ असें नांव आहे. जी. डी. भालेराव या जंतशास्त्रज्ञांनीं १९३१ सालीं त्याचें वर्णन केलें, व नागपूरचें नांव त्यामुळें जगाच्या ग्रंथांत गेलें. पुढें मराठवाडा विद्यापीठांत जी. बी. शिंदे यांनीं १९६८ सालीं मरळ माशांतील पट्टकृमींचा ‘सर्कमऑन्कोबोथ्रियम’ हा नवा वंश वर्णिला. सारांश, जंत ओळखण्याची विद्या महाराष्ट्रांत चांगली रुजलेली आहे.

नागपुरी कृमीचें जीवनचक्र जाणण्याजोगें आहे. त्याचीं अंडीं माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यांत पडतात. तीं सायक्लॉप्स नांवाचा सूक्ष्म जलचर खातो. पायविहिरींतून नारूचा रोग ज्या प्राण्याच्या द्वारें पसरत असे तोच हा. सायक्लॉप्सास लहान मासे गिळतात. जंताचें पिल्लूं त्यांच्या अंगांत दडून बसतें. आणि त्या लहान माशांस मरळ गिळतो तेव्हां जंत आपल्या मुक्कामास पोंचतो. म्हणजे एका जंताच्या अस्तित्वासाठीं पाण्यांत तीन निरनिराळे प्राणी जिवंत व परस्परांजवळ असावे लागतात. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी.

शिसें जंतांत कसें जातें?

पाण्यांतील शिसें माशाच्या कल्ल्यांतून रक्तांत शिरतें, रक्तांतून यकृतांत जातें, आणि यकृत तें पित्ताबरोबर आंतड्यांत टाकून देतें. जंत नसल्यास त्यांतील कांहीं भाग आंतड्यांतून पुनः रक्तांत शोषला जातो व फेरा चालू राहतो. जंत असल्यास गोष्ट निराळी होते. कंटकशीर्ष कृमीस पित्तांतील स्निग्ध द्रव्यें हवीं असतात, कारण तीं त्यास स्वतः तयार करितां येत नाहींत. तो पित्त शोषतो व पित्तास जडलेलें शिसेंहि त्याबरोबर घेतो. पित्त वापरलें जातें. शिसें अंगांत राहतें.

जर्मनींतील रूर नदींत कोळसा व पोलादाच्या धंद्यामुळें धातूंचा उपद्रव पूर्वीपासून होता. तेथील चब नांवाच्या माशांतील कंटकशीर्ष जंतांवर बेर्न्ड झूरेस व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत पद्धतशीर काम केलें. त्यांस असें आढळलें कीं, जंतांच्या अंगांतील शिशाचें प्रमाण त्याच माशाच्या मांसांतील प्रमाणाच्या सुमारें २,७०० पट, व नदीच्या पाण्यांतील प्रमाणाच्या सुमारें ११,००० पट असूं शकतें. याचा व्यवहारी अर्थ असा: लिटर पाण्यांत शिशाचा मिलिग्रॅमचा केवळ हजारावा हिस्सा असला, तरी दर किलो जंतांमागें तो ११ मिलिग्रॅमपर्यंत चढूं शकतो. जें पाण्यांत धरावयास कठीण, तें जंतांत ठळक दिसतें. प्रयोगशाळेंत मासे शिशाच्या पाण्यांत ठेवले तेव्हां चार-पांच आठवड्यांतच जंतांतील शिसें आपल्या कमाल पातळीच्या आसपास पोंचलें. म्हणजे जंत ही गेल्या महिना-सव्वा महिन्याची चोपडी समजावयास हरकत नाहीं.

याच संशोधकांस १९९९ सालीं आणखी एक गोष्ट दिसली. ज्या माशांत जंत होते, त्यांच्या स्वतःच्या अंगांत शिसें जंतरहित माशांपेक्षां कमी होतें. माशाचें अन्न खाणारा हा पाहुणा त्याचें विषहि कांहीं अंशीं आपल्या अंगावर घेतो. निसर्गांत कोण शत्रु व कोण मित्र हें एका दृष्टिक्षेपांत ठरत नाहीं, याचें हें चांगलें उदाहरण होय.

जंतांची संख्याहि बोलते

धातु मोजण्यास प्रयोगशाळा पाहिजे; पण जंत मोजण्यास चाकू, परात व साधें भिंग पुरतें. या मोजणीचाहि स्वतंत्र उपयोग आहे. माशांत जंत पुष्कळ दिसले म्हणजे पाणी वाईट, असा सामान्य समज आहे. तो पुष्कळदां उलटा ठरतो. वर सांगितल्याप्रमाणें कंटकशीर्ष जंतास तीन यजमान लागतात. विषारी पाण्यानें सायक्लॉप्स मेले कीं सांखळी तुटते व जंत नाहींसा होतो, मासा मात्र कांहीं काळ तग धरतो. उलट कल्ल्यांवर व कातडीवर राहणारे कांहीं सूक्ष्म परोपजीवी दुसऱ्या यजमानाखेरीज थेट माशावरून माशावर जातात. घाण सांडपाण्यानें मासा अशक्त झाला म्हणजे ते वाढतात. अमेरिकन शास्त्रज्ञ केव्हिन लॅफर्टी यांनीं १९९७ सालीं अशा अनेक उदाहरणांची छाननी करून परोपजीवी हे पाण्याच्या आरोग्याचे निदर्शक कसे होतात, तें दाखविलें. तेव्हां आंतड्यांतील जंत एकाएकीं दिसेनासे झाले आणि कल्ले मात्र चिकट व रोगट दिसूं लागले, तर तें पाणी सुधारल्याचें लक्षण न मानतां सावध व्हावें.

पद्धतीच्या मर्यादा

नवी युक्ति कळली कीं तिजवर सारा भार टाकण्याची चूक होऊं नये, म्हणून तिच्या उणिवाहि सांगितल्या पाहिजेत. सर्व जंत सारखे नाहींत. ईल माशाच्या हवेच्या पिशवींत राहणारा गोल कृमि शिसें फारसें सांठवीत नाहीं, कारण पित्ताचा मार्ग त्याच्याकडे जात नाहीं. शिसें व कॅडमियम यांविषयीं कंटकशीर्षाची साक्ष पक्की. परंतु जस्त व तांबें यांचें प्रमाण मासा स्वतःच अंगांत आवरून धरतो, म्हणून त्यांविषयींची साक्ष तितकी स्पष्ट नसते.

दुसरें असें कीं, ११,००० पटीचा आंकडा युरोपांतील जंताचा आहे. आमचा मरळ हवेंतूनहि श्वास घेतो; त्यामुळें कल्ल्यांतून धातु शिरण्याचें मान निराळें असूं शकतें. तो आंकडा उचलून येथें लावणें चुकीचें होईल. आपल्या जंतांचें प्रमाण आपणच ठरविलें पाहिजे. मात्र मरळाचा एक मोठा गुण आहे: तो आपल्या डबक्याची जागा सहसा सोडीत नाहीं व वाईट पाण्यांतहि टिकतो. म्हणून स्वच्छ व अस्वच्छ अशा दोन्ही ठिकाणीं तो मिळतो आणि दोहोंची तुलना करितां येते. जंताचें वय, ऋतु व माशाचा आकार यांनींहि फरक पडतो; त्यासाठीं नमुने सारखे असावे लागतात.

पहिली नोंद कां महत्त्वाची?

१९४२ सालीं फ्रेझर यांनीं पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. त्या वेळीं ती एक हौशी नोंद वाटली असेल. पण २००३ सालीं मुळा-मुठेच्या माशांची पुनः मोजदाद प्रसिद्ध झाली, तेव्हां काय होतें आणि काय उरलें याची तुलना अशा जुन्या याद्यांमुळेंच करितां आली. ज्या नदीची जुनी नोंद नाहीं, तिच्या बिघाडाबद्दल तक्रार करणाऱ्यास ‘पूर्वीहि असेंच होतें’ हें उत्तर मिळतें, व त्याच्यापाशीं प्रत्युत्तर नसतें.

धातूंच्या बाबतींत भुकूमचें महत्त्व येथेंच आहे. रामनदीवर शहराचा भार उगमाकडे कमी व खालीं अधिक आहे. तुलनेसाठीं जें निर्मळ टोंक लागतें, तें भुकूमपाशींच मिळण्याजोगें आहे. परंतु वस्ती ज्या वेगानें वर सरकत आहे तो पाहतां हें टोंक कायम राहील असा भरंवसा धरतां येत नाहीं. आज घेतलेली नोंद उद्यां घेतां येणार नाहीं.

काय करावें?

गांवांतील पांच-सात शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र व रसायन विभागांची मदत मिळविल्यास पुढील क्रम अवघड नाहीं.

१. ठिकाणें तीन ठरवावीं: एक खाटपेवाडीच्या बाजूस उगमाकडे, दुसरें भूगांवाच्या खालीं, तिसरें पाषाणच्या बाजूस. तलावांत मासेमारीचा हक्क ज्यांचा असेल त्यांची संमति आधीं घ्यावी.

२. वर्षांतून दोन वेळां नमुने घ्यावेत. पावसाळा सरल्यावर कार्तिकाच्या सुमारास, व पाणी आटल्यावर चैत्रांत. प्रत्येक वेळीं जात एकच व आकार सारखा असावा.

३. मासा पितळी अथवा पत्र्याच्या भांड्यांत ठेवूं नये. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवींत घालून बर्फांत ठेवावा व तसाच प्रयोगशाळेंत पोंचवावा.

४. प्रयोगशाळेंत जंत, मांस व यकृत निरनिराळीं तोलून नत्राम्लांत विरघळवितात आणि अणुशोषण यंत्रावर धातु मोजतात. मांस व जंत यांतील प्रमाणांची तुलना हीच खरी उपयोगाची.

५. त्याच दिवशीं तळाचा गाळ व जवळच्या खाचराची माती यांचेहि नमुने घ्यावेत, म्हणजे नदींतील धातु शेतापर्यंत आला कीं नाहीं तें कळेल.

६. पाऊस, पाण्याची पातळी, नव्यानें सुटलेलें गटार, मेलेले मासे यांची तारीखवार नोंद एका वहींत ठेवावी. अशी वही तक्रारीच्या वेळीं शंभर तोंडी साक्षींहून अधिक वजनदार ठरते.

या कामांत स्वतःचें घरहि तपासावें. कांहीं स्फुरदयुक्त खतांतून थोडें कॅडमियम जमिनींत येतें. मोरचुदाच्या फवाऱ्यांतून तांबें येतें. जुन्या बॅटऱ्या ओढ्याकांठीं फोडल्यास शिसें येतें. फवारणीचे पंप नदींत धुवूं नयेत. मोटारींच्या पेट्रोलांतील शिसें २००० सालीं देशभर बंद झालें, त्यामुळें एक मोठी वाट बुजली; उरलेल्या वाटा ज्यानें त्यानें आपल्या हद्दींत बुजवावयाच्या आहेत.

जेथें पाण्याविषयीं शंका असेल तेथें पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या करूं नयेत, कारण त्या कॅडमियम लवकर उचलतात. आम्लधर्मी जमिनीस चुना दिल्यास कॅडमियम मातींत अधिक बांधलें जातें. भात फुलोऱ्यावर व दाणा भरतांना खाचरांत पाणी टिकवून ठेवल्यासहि दाण्यांत कॅडमियम कमी उतरतें. खाचर लवकर कोरडें केल्यास अधिक उतरतें.

मासे खाणाऱ्यांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. धातु मुख्यतः यकृत, आंतडें व जंत यांत असतात, आणि मांसांत त्यांचें प्रमाण सर्वांत कमी असतें. आंतडें व यकृत काढून टाकून मासा नीट शिजवून खावा, एवढी खबरदारी पुरे. तसेंच तपासणीच्या नांवाखालीं मासे उगाच मारूं नयेत. कोळी बाजारासाठीं जे मासे धरतो, त्यांचीं आंतडीं मागून घेतलीं तरी मोजणीचें बरेंचसें काम भागतें.

खर्चाचा विचार केल्यास, पांच-सात घरांनीं मिळून वर्षांतून दोनदां द्यावयाचा हा वेळ एका नांगरटीहून अधिक नाहीं. त्याच्या मोबदल्यांत आपल्या खाचरांत काय येत आहे हें येण्यापूर्वीं कळण्याची सोय होते. भुकूम, भूगांव व बावधनाकडील सभासदांनीं येत्या कार्तिकांत पहिले नमुने घेण्याचें मनावर घ्यावें, आणि आपल्या वहींतील पहिल्या पानाची नक्कल या मासिकाकडे अवश्य पाठवावी. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांस ती वाचावयास मिळेल अशी व्यवस्था आम्ही करूं.